हजेरी, क्षमा आणि भरपाई

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सोलापुरात ‘सेटलमेंट’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. सेटलमेंट फ्री कॉलनीच्या पाट्यांवर तो आजही वाचता येतो. ‘फ्री’ म्हणजे मोकळी वसाहत. तेव्हा जी मोकळी नव्हती ती कोणती, हा प्रश्न मात्र नव्या पिढीला क्वचितच पडतो.

गुन्हेगार जमाती कायदा 1871 साली झाला आणि 1911 च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. पारधी, कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट अशा जमातींची कुटुंबे बायकापोरांसह तारेच्या कुंपणाआड ठेवली गेली. कोर्टात गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती. जन्म हाच गुन्हा होता. ठरल्या वेळी हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर परवाना घ्यायचा. याच सोलापुरात कापडगिरण्यांचे भोंगे वाजत होते आणि गिरण्यांना मजूर हवे होते. तारेआडचे हात गिरण्यांत कामाला लागले. ज्याला संध्याकाळी हजेरीला परत यावेच लागते, तो मजूर काम सोडून जात नाही, हा हिशेब मालकांना समजावून सांगावा लागला नसेल.

सोलापूरच्या या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. उत्तर हिंदुस्थानात तसेच काम मुक्तिफौजेने अंगावर घेतले होते. या मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, हातांना काम शिकवले. त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात करुणा होती, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु कुंपणाची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या करुणेला मर्यादा पडते. जो ‘नको’ म्हणू शकत नाही, त्याचा होकार हा होकार नव्हे. मग तो प्रार्थनेला असो, शिक्षणाला असो की गिरणीतल्या पाळीला असो. 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन तार तोडल्याची आठवण इथल्या वस्त्यांत अजूनही सांगितली जाते. तार तुटली, पण संशय तुटला नाही. गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर धाड पडते, हे कोणत्याही कार्यकर्त्याला ठाऊक आहे. तुरुंगांच्या नियमावल्यांत जातीवरून कामे वाटणाऱ्या तरतुदी होत्या. त्या घटनाबाह्य ठरवायला सर्वोच्च न्यायालयाला 3 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला.

याच मुलखात दुसरा एक प्रयोग झाला. सांगोल्याच्या शेजारी आटपाडी आहे. तो प्रदेश तेव्हा औंध संस्थानात होता. पोलंडमधून आलेले आणि गांधीविचाराने भारलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या कल्पनेतून, औंधच्या राजांच्या पाठबळाने, 1939 साली तेथे स्वतंत्रपूर वसले. जन्मठेपेच्या कैद्यांनी मोकळ्या शेतात राबावे, कुटुंबासह राहावे, भिंतीऐवजी शब्दावर विश्वास ठेवावा, अशी ती योजना होती. व्ही. शांताराम यांच्या 1957 च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा हीच. सोलापूरच्या वसाहतीत निरपराध माणसे तारेआड होती. स्वतंत्रपुरात गुन्हा शाबीत झालेली माणसे उघड्यावर होती. माणसाला सुधारणारी गोष्ट पहारा नसून विश्वास, काम आणि कुटुंब ही आहे, हे सिद्ध करण्यासाठी यापेक्षा वेगळा पुरावा शोधायला नको.

तथापि, या दोन्ही प्रयोगांत एक माणूस कुठेच दिसत नाही. तो म्हणजे ज्याचे घर लुटले गेले, ज्याचा मुलगा मारला गेला, तो पीडित. आपल्या फौजदारी न्यायात खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. पीडित साक्षीदाराच्या पिंजऱ्यापुरता येतो, भत्ता मिळाला तर घेतो आणि एस.टी.ने घरी जातो. गुन्हेगाराला शिक्षा झाली तरी त्याच्या घरचा गेलेला बैल परत येत नाही.

या उणिवेवर बोट ठेवणाऱ्या विचाराला पुनर्स्थापक न्याय म्हणतात. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात 1974 साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. मेनोनाइट या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या एका प्रोबेशन अधिकाऱ्याच्या सूचनेवरून न्यायाधीशांनी त्यांना प्रत्येक दारात जाऊन नुकसान समजून घेण्यास आणि ते भरून देण्यास सांगितले. न्यूझीलंडने 1989 साली माओरी लोकांच्या परंपरेतून कुटुंबपरिषदेची पद्धत बालगुन्हेगारांच्या कायद्यात आणली. बंदिवानाला भेटणे म्हणजे ख्रिस्तालाच भेटणे, अशी शिकवण असलेल्या धर्मातील माणसे तुरुंगाच्या दारापर्यंत आधी पोहोचली, यात नवल नाही. भारतातही 1981 पासून केरळातून सुरू झालेले कॅथॉलिक स्वयंसेवकांचे काम अनेक राज्यांतील तुरुंगांपर्यंत गेले आहे.

या परंपरेचे सर्वांत बोलके उदाहरण मध्य प्रदेशातील आहे. सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यात उदयनगरच्या परिसरात काम करीत होत्या. आदिवासींनी सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून त्या त्यांना संघटित करीत होत्या, बचतीची सवय लावीत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी प्रवासात, बसमधील उतारूंच्या देखत त्यांचा खून झाला. मारेकरी एक तरुण शेतकरी होता. त्याला जन्मठेप झाली. स्वामी सदानंद नावाचे धर्मगुरू त्याला वर्षानुवर्षे तुरुंगात भेटत राहिले. 2002 साली राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली. तो 2006 मध्ये सुटला आणि पुढे केरळात जाऊन त्या आईपुढे उभा राहिला.

ही गोष्ट ऐकून डोळे पाणावतात. पण कार्यकर्त्याने तेवढ्यावर थांबू नये. आपल्याला सावकारी हितसंबंधांच्या लोकांनी चिथावले होते, असे त्या माणसानेच पुढे सांगितले. बहिणीने हाताला क्षमा केली. हाताला सुरी देणाऱ्या व्यवस्थेला क्षमा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. सावकारी तशीच राहिली, तर एका मारेकऱ्याच्या पश्चात्तापानंतर दुसरा तयार होतो. क्षमा ही पीडिताने स्वेच्छेने दिलेली देणगी आहे. तिची मागणी करता येत नाही, वसुली तर नाहीच नाही.

येथेच सावध राहिले पाहिजे. ‘मिटवून टाका’ हा शब्द महाराष्ट्रातल्या गावगाड्याला फार ओळखीचा आहे. दलित मजुराला मारहाण होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच ओट्यावर समेटाची बैठक बसते. जातपंचायत दंड वसूल करते आणि बाईला वाळीत टाकते. त्याविरुद्ध महाराष्ट्राला 2016 साली सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. बलिष्ठ आणि दुर्बल यांना एका चटईवर बसवले म्हणजे ते समान होत नाहीत. म्हणून अत्याचाराच्या खटल्यात समेट हा न्याय नव्हे. पुनर्स्थापक न्याय खटल्याची जागा घेणारा नसावा. खटल्याने जे दिले नाही ते देणारा असावा.

ते देण्याचा मार्ग शेवटी पैशापाशी येऊन पोहोचतो, आणि समाजवाद्याने त्याची लाज बाळगू नये. 1998 साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्तमजुरीच्या कैद्याला न्याय्य वेतन दिले पाहिजे, आणि त्या वेतनाचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढण्याचा कायदा राज्यांनी करावा. या निकालात दोन्ही बाजूंची प्रतिष्ठा आहे. कैद्याचे श्रम वेठ राहत नाहीत, आणि पीडिताच्या हाती उपदेशाऐवजी काही ठोस पडते. परंतु वेतनच तुटपुंजे असेल, तर त्यातून कैद्याच्या घरी काय जाणार आणि पीडिताला काय मिळणार? कैद्याला वेतनवाढ म्हणजे गुन्हेगाराचे लाड, अशी ओरड करणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

भरपाईची दुसरी वाट सरकारी तिजोरीतून जाते. 2008 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडित भरपाईचे कलम आले. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 396 व्या कलमात आहे. आरोपी सापडला नाही तरीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात 2013 पासून बलात्कार व ॲसिडहल्ल्याच्या पीडितांसाठी मनोधैर्य योजना आहे. किती विडी कामगार बायकांना, किती यंत्रमाग कामगारांना हे कोणी जाऊन सांगितले आहे?

भिंतीच्या आतला हिशेब तर याहून विदारक आहे. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांतील दर चारांपैकी तीन कच्चे कैदी होते. म्हणजे गुन्हा शाबीत न होता आत असलेले. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आत राहतो, तेव्हा त्याचा गुन्हा दारिद्र्य हाच असतो. नव्या संहितेच्या 479 व्या कलमानुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. कायदा आहे, पण महिने मोजणारे कोणी नाही.

14 एप्रिल 1972 रोजी जौरा येथे चंबळच्या बागींनी जयप्रकाशांसमोर शस्त्रे ठेवली. जयप्रकाशांच्या हाती ना पोलीस होते, ना धर्मपीठ. हे काम श्रद्धावंतांचेच आहे असे समजून समाजवादी चळवळीने ते सोडून देण्याचे कारण नाही. ख्रिस्ती सेवक तुरुंगात जातात, याबद्दल कुरकुर करण्यापेक्षा आपले लोक का जात नाहीत, हे विचारणे अधिक प्रामाणिक ठरेल.

सोलापूरच्या कार्यकर्त्यांनी प्रारंभ लहान करावा. कच्च्या कैद्यांच्या घरी जावे, कागद पाहावेत, महिने मोजावेत. पीडिताच्याही घरी जावे. त्याला क्षमेचा उपदेश न करता भरपाईचा अर्ज लिहून द्यावा. दोन्ही घरे बहुधा एकाच गल्लीत असतील, आणि दोन्ही घरांत चूल विझलेली असेल. ज्या शहराने हजेरीची वसाहत पाहिली, त्या शहराने हजेरी घ्यायचीच असेल तर ती सरकारची घ्यावी, न्यायालयांची घ्यावी आणि स्वतःचीही घ्यावी.