अध्यक्षपत्नी आणि कादंबरीकार

अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन १७९९ सालीं निवर्तला. त्यानंतर, स्वतःच्या मृत्यूपूर्वीं, त्याची पत्नी मार्था हिनें चाळीस वर्षांच्या संसारांत उभयतांनीं एकमेकांस लिहिलेलीं पत्रें अग्नीच्या स्वाधीन केलीं. त्यांतून वांचलीं तीं बोटांवर मोजण्याइतकींच. वॉशिंग्टनच्या लढाया जगाला ठाऊक आहेत; परंतु तो पत्नीशीं काय बोलत असे, हें त्या धुराबरोबर निघून गेलें. अमेरिकन अध्यक्षांच्या पत्नींविषयीं लिहूं पाहणाऱ्या कादंबरीकाराचें काम पुष्कळदां अशा राखेपासूनच सुरू होतें.

हें काम ज्यांनीं हातीं घेतलें, त्यांत अर्व्हिंग स्टोन यांचें नांव अगोदर घ्यावें लागतें. 'द प्रेसिडेंट्स लेडी' (१९५१) ही रेचेल जॅक्सनवर, 'लव्ह इज इटर्नल' (१९५४) ही मेरी लिंकनवर आणि 'दोज हू लव्ह' (१९६५) ही ॲबिगेल ॲडॅम्सवर, अशा त्यांच्या तीन कादंबऱ्या आहेत.

या तिघींपैकीं ॲबिगेलला कादंबरीकाराची गरज सर्वांत कमी. तिची आणि पति जॉन ॲडॅम्स याचीं परस्परांस लिहिलेलीं अकराशेंहून अधिक पत्रें उपलब्ध आहेत. नवे कायदे कराल तेव्हां स्त्रियांची आठवण ठेवा, पतींच्या हातीं अमर्याद सत्ता देऊं नका, असें तिनें ३१ मार्च १७७६ रोजीं पतीला बजावलें. आणि पतीनें तें हंसण्यावारी नेलें. हीं पत्रें ज्यानें वाचलीं त्याला कादंबरी म्हणजे पाणी घातलेलें ताक वाटल्यास नवल नाहीं.

रेचेलची गोष्ट अगदीं निराळी. अठराव्या वर्षीं, १७८५ सालीं, तिचा लुईस रोबार्ड्स नामक गृहस्थाशीं विवाह झाला. नवरा संशयी, संसार टिकला नाहीं. नॅशव्हिल येथें तिच्या विधवा आईच्या घरीं अँड्र्यू जॅक्सन हा तरुण वकील भाड्यानें राहत होता. रोबार्ड्सनें घटस्फोट घेतला, अशी बातमी आली आणि १७९१ सालीं नॅचेझ येथें या दोघांनीं लग्न केलें, असें जॅक्सनचे पक्षपाती पुढें सांगत. वस्तुतः व्हर्जिनियाच्या कायदेमंडळानें डिसेंबर १७९० मध्यें रोबार्ड्सला केवळ फिर्याद करण्याची मुभा दिली होती. प्रत्यक्ष घटस्फोट झाला १७९३ सालीं, आणि तोहि पत्नी परपुरुषाबरोबर राहते या कारणावरून! जानेवारी १७९४ मध्यें दोघांना पुन्हा लग्न लावून घ्यावें लागलें.

ती तारीख कोणी विसरलें नाहीं. १८२८ च्या निवडणुकींत प्रतिपक्षाच्या वृत्तपत्रांनीं हीं पस्तीस वर्षांपूर्वींचीं लक्तरें चव्हाट्यावर मांडलीं आणि साठीं उलटलेल्या एका धर्मभीरु स्त्रीला व्यभिचारिणी ठरविलें. गंमत अशी कीं, या निवडणुकींत जॅक्सनचा प्रतिस्पर्धी जॉन क्विन्सी ॲडॅम्स हा ॲबिगेलचाच पुत्र होता. जॅक्सन निवडून आला. परंतु २२ डिसेंबर १८२८ रोजीं, पतीच्या अधिकारग्रहणापूर्वीं, रेचेल मरण पावली. 'हर्मिटेज' या आपल्या घराच्या बागेंत तिला पुरून जॅक्सन एकटाच राजधानीला गेला. पत्नीचा बळी निंदकांनीं घेतला, हें त्याच्या मनांतून कधींच गेलें नाहीं.

कादंबरीकाराला याहून अधिक काय हवें? स्टोन यांनीं सर्व कथा रेचेलच्या दृष्टीनें सांगितली आहे, आणि वाचक तिच्या दुःखाशीं समरस होतो. परंतु नॅचेझच्या लग्नाची नोंद आजवर सांपडलेली नाहीं. जॅक्सन स्वतः वकील. त्यानें ऐकीव बातमीवर विसंबून लग्न करावें, हें मागाहूनच्या अनेक इतिहासकारांना पटलेलें नाहीं. कादंबरी मात्र त्या बातमीवर विश्वास ठेवते, कारण त्यावांचून नायिका निष्कलंक राहत नाहीं. येथेंच तिचें दुबळेपण आहे. कायद्यानें सुटकेचें दार बंद केलेलें असतां, परिणाम पुरते जाणून एका तेवीस वर्षांच्या स्त्रीनें नवऱ्याचें घर सोडलें असेल, तर ती रेचेल फसलेल्या रेचेलपेक्षां अधिक मोठी नाहीं काय? तिच्या कैवारासाठीं उभ्या राहिलेल्या लेखकानें तिची निर्दोषता राखली, पण तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेतला.

मेरी लिंकनविषयीं कागदपत्रांची टंचाई नाहीं. टंचाई आहे ती सदय साक्षीदारांची. चार पुत्रांपैकीं तिघांचे मृत्यू तिनें पाहिले. पतीला तिच्या शेजारीं बसला असतां गोळी लागली. त्याला दोन वर्षेंहि झालीं नाहींत तोंच, लिंकनचें खरें प्रेम ॲन रटलेज या अकालीं वारलेल्या मुलीवर होतें, असें त्याच्या जुन्या भागीदारानें, विल्यम हर्नडननें, जाहीर व्याख्यानांत सांगितलें. १८७५ सालीं उरलेल्या एकुलत्या मुलाच्या अर्जावरून शिकागोच्या न्यायालयानें तिला वेडी ठरविलें. पुढील वर्षीं तो निर्णय फिरविण्यांत आला.

तिला जवळून पाहिलेली एक व्यक्ति होती: तिचे पोषाख शिवणारी एलिझाबेथ केक्ली. ही गुलामगिरींत जन्मलेली. १८५५ सालीं १,२०० डॉलर भरून तिनें स्वतःची आणि मुलाची मुक्तता विकत घेतली होती. मालकिणीची बाजू मांडावी म्हणून तिनें १८६८ सालीं आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. त्यांत मेरीचीं खासगी पत्रेंहि छापलीं गेलीं, आणि मेरीनें तिच्याशीं कायमचा संबंध तोडला. जेनिफर कियाव्हेरिनी यांची 'मिसेस लिंकन्स ड्रेसमेकर' (२०१३) ही कादंबरी याच शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेनें लिहिलेली आहे. कादंबरीला ती नायिका म्हणून लाभली, त्याला तिच्या आठवणी निघून १४५ वर्षें लोटलीं होतीं. ती स्वतः १९०७ सालीं वॉशिंग्टनमधील एका निराधारांच्या आश्रमांत वारली.