दगड वाचणारी बाई
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी आपणांस डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याविषयी चार शब्द सांगणार आहे. त्या कलकत्त्याच्या. दगड पाहून पृथ्वीचा इतिहास सांगावयाचा, हे त्यांचे शास्त्र. त्यास भूगर्भशास्त्र म्हणतात.

दगड आपणांस नवा नाही. आपले जाते, पाटा-वरवंटा काळ्या कातळाचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळलेला तप्त रस थिजून हा कातळ झाला. मोशीच्या खाणींत तोच फोडून खडी करतात. खडीची पाटी डोक्यावर वाहावयास बाई सगळीकडे चालते. भुयारी खाणीत उतरण्यास मात्र १९५२ च्या कायद्याने तिला मनाई होती. ती २०१९ साली काही अटींवर सैल झाली.

सुदीप्ताबाई दगड वाचावयास शिकल्या. डोंगर चढता यावेत म्हणून एव्हरेस्टवीर तेनसिंग यांच्या हाताखाली गिर्यारोहणही शिकल्या. लंडनच्या इंपिरिअल कॉलेजात आणि स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात त्यांनी संशोधन केले. परत येऊन १९८२ पासून जादवपूर विद्यापीठात त्या शिकवू लागल्या.

१९८३ च्या डिसेंबरात भारताची तिसरी मोहीम गोव्याहून अंटार्क्टिकाला निघाली. तीत त्या होत्या आणि आपल्या नागपूरच्या, पुणे विद्यापीठात शिकलेल्या डॉ. अदिती पंतही होत्या. अदितीबाई समुद्राच्या अभ्यासक. भारतीय मोहिमेतून तिथे गेलेल्या या पहिल्या दोघी स्त्रिया.

तिथे शिर्माखर नावाच्या टेकड्यांवर सुदीप्ताबाईंनी दगडांचा अभ्यास केला. लुगड्याला पडाव्या तशा दगडांनाही घड्या पडतात. त्यांवरून जमिनीत केव्हा, कसा दाब पडला ते कळते. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपला देश आणि ते बर्फाळ खंड एकाच भूमीचे भाग होते. म्हणून तिकडचा दगड वाचणे म्हणजे आपल्याच घरची जुनी वही वाचणे. १९९१ साली त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला.

भगिनींनो, पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात हा विषय शिकवतात. उद्या आपल्यापैकी कुणाची लेक हा विषय घेते म्हणाली, तर "मुलीने रानोमाळ हिंडायचे कसे?" हा प्रश्न घरात पहिला निघेल. उन्हातान्हात पाटी वाहणाऱ्या बाईला तो कुणी विचारीत नाही. मग शिकणाऱ्या मुलीलाच तो का विचारावा? त्या वेळी निदान आपण आयांनी तिच्या बाजूने बोलावे, एवढीच माझी विनंती.