पदवीचा भाव



वसंत ऋतूतली व्याख्याने ही आपल्या पुणे प्रांताची जुनी चाल आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात ती सुरू केली, तेव्हा तिच्यामागे एक साधा विचार होता. गावातल्या चार माणसांनी संध्याकाळी एकत्र बसावे, कुणी अभ्यास केला असेल त्याने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे आणि मग आपापसात भांडावे. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो भांडण्याच्या लायकीचा आहे. किंबहुना ते भांडण सध्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी चालूच असेल. बारावीचा निकाल, सी.ई.टी.चे गुण आणि दाराशी येऊन पडलेली गुळगुळीत कागदाची रंगीत पत्रके, अशी ही ऋतुसंधी आहे. मुलाला किंवा मुलीला महागड्या खाजगी विद्यापीठात घालावे की आपल्या राज्यातल्या स्वस्त सरकारी कॉलेजात, हा तो प्रश्न.

महाळुंग्यात हा प्रश्न थोडा निराळा का आहे, ते आधी सांगतो. पंचवीसतीस वर्षांपूर्वी इथे बाजरी, कांदा आणि ज्वारी होती. मग एम.आय.डी.सी. आली, चाकण-तळेगाव रस्ता मालमोटारींनी भरून गेला, 2009 साली मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवागन यांचे कारखाने या टापूत सुरू झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती एकदम मोठी रक्कम आली. ही रक्कम पगारासारखी दर महिन्याला येणारी नाही. जमीन एकदाच विकली जाते. पुण्यातल्या नोकरदाराने चुकीची फी भरली तर तो पुढल्या पगारातून काटकसर करील. आपल्या शेतकऱ्याने भरली तर त्याच्या आजोबांची जमीन दुसऱ्यांदा जाते.

गेल्या वर्षाच्या आधल्या वर्षी असेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. नाव सांगत नाही. आपल्यापैकी काहीजण ओळखतील, त्यांनी मनात ठेवावे. चार एकर गेले, त्याचे पैसे आले. त्यातून घर झाले, कामगारांना भाड्याने द्यायला आठ खोल्या झाल्या, थोरल्या बहिणीचे देणे फिटले, एक टेम्पो आला. बाकी अठरा लाख बँकेत मुदतीने ठेवलेले. मुलगी हुशार, गणितात विशेष. तिच्यासाठी एका खाजगी विद्यापीठाचा कागद घेऊन ते आले होते. चार वर्षांची फी, वसतिगृह, जेवण धरून सोळा लाखांचा आकडा होता. दुसरा कागद मुलीच्या हातात होता. त्यावर तिने आपल्या अक्षरात सरकारी कॉलेजांची नावे लिहिली होती आणि त्यांत मंचरजवळच्या अवसरी खुर्दचे नाव होते.

गृहस्थ म्हणाले, "मास्तर, आमच्या पोरीनं अवसरीलाच जायचं, तर मग जमीन देऊन आम्ही मिळवलं काय?"

या प्रश्नाला आमच्याकडे चटकन उत्तर नव्हते, आणि ज्यांच्याकडे ते असेल त्यांनी त्या माणसाचे मन ओळखलेले नाही असे आम्ही म्हणू. ज्याच्या बापाने अनवाणी शाळा केली त्याला लेकीसाठी भारी वस्तू घ्यावीशी वाटते. भारी म्हणजे चांगली, हा बाजाराचा नियम तो जन्मभर पाळत आलेला असतो. बी-बियाणे स्वस्तात घेऊन फसलेला शेतकरी कॉलेज स्वस्तात घ्यायला कचरतो, यात नवल ते काय?

परंतु शिक्षणाच्या बाजारात भाव ठरतो तो निराळ्या रीतीने. त्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज 1854 साली निघाले ते सरकारच्या बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. विश्वेश्वरय्या तिथेच शिकले. पुढे सव्वाशे वर्षे आपल्याकडे इंजिनिअर होणे म्हणजे सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या कॉलेजात जागा मिळवणे. जागा थोड्या, मुले पुष्कळ. ज्यांच्या गाठी पैसा होता ते मुलांना देणगी भरून कर्नाटकात धाडीत. 1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या निर्णयाला पुष्कळांनी नावे ठेवली, आम्हीही ठेवली होती. पण हेही खरे की आज या कारखान्यांतून काम करणारे कितीतरी इंजिनिअर त्या कॉलेजांतून बाहेर पडलेले आहेत. नंतर देणगीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. 1992 चा मोहिनी जैन, 1993 चा उन्नीकृष्णन, 2002 चा टी.एम.ए. पै आणि 2005 चा इनामदार, असे निकाल एकामागून एक झाले. त्यांतून इतके निष्पन्न झाले की संस्थेने वाजवी शिल्लक उरवावी, परंतु नफेखोरी करू नये आणि देणगी घेऊ नये. आपल्या राज्यात 2015 च्या कायद्याने विनाअनुदान व्यावसायिक कॉलेजांच्या फीवर देखरेख करणारे शुल्क नियामक प्राधिकरण आले.

आता इथे आपल्या लोकांची एक मोठी गफलत होते. आपण सरसकट 'प्रायव्हेट' म्हणतो. पण त्या एका शब्दात निरनिराळ्या जातीच्या संस्था कोंबलेल्या आहेत. निगडी-आकुर्डीकडची सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली विनाअनुदान कॉलेजे खाजगी खरी, परंतु तिथल्या बहुतेक जागा सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेने भरतात आणि फी प्राधिकरण ठरवते. खाजगी विद्यापीठ ही निराळी गोष्ट. ते विधिमंडळाच्या कायद्याने जन्मते, परीक्षा स्वतः घेते, पदवी स्वतःच्या नावाने देते. अभिमत विद्यापीठ म्हणजे तिसरेच. त्याला 1956 च्या केंद्रीय कायद्याखाली दर्जा मिळतो. आणि सरकारी कॉलेजही आता एकाच साच्याचे राहिले नाही. पुण्याचे जुने कॉलेज 2022 साली स्वतःच विद्यापीठ झाले. अवसरीचे सरकारी कॉलेज 2009 साली निघाले, ते वयाने आपल्या चाकणच्या या कारखान्यांएवढेच आहे.

हा फरक नुसता पुस्तकी नाही, तो खिशाला लागतो. जुलै 2024 च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. ही माफी सरकारी कॉलेजात आहे, अनुदानित कॉलेजात आहे आणि निगडी-आकुर्डीच्या विनाअनुदान कॉलेजातही आहे, मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतला तर नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्या निर्णयातून वगळलेली आहेत. आमच्या त्या गृहस्थांची मुलगी या सवलतीत बसत होती. म्हणजे तोलायचे होते ते असे: एका पारड्यात सोळा लाख, दुसऱ्यात वसतिगृहाचे आणि जेवणाचे पैसे. हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. रंगीत पत्रक छापणारा ते कशाला सांगेल?

खाजगी विद्यापीठांवर आम्ही उगाच तुटून पडणार नाही. तिथे इमारती नव्या असतात, यंत्रे पुष्कळदा नवी असतात, अभ्यासक्रम लवकर बदलता येतो. इंग्रजीत चार माणसांसमोर उभे राहून बोलण्याची सवय तिथे लावतात, आणि आमच्या खेड तालुक्यातल्या मुलांना तीच नेमकी कमी पडते. उलट सरकारी कॉलेजांत शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात, यंत्र बिघडले तर त्याचा कागद मुंबईपर्यंत जाऊन येतो. ज्या मुलाला हवी ती शाखा सरकारी कॉलेजात मिळत नाही आणि घरी पैसा खरोखरीच वाहता आहे, त्याने खाजगी विद्यापीठात जाऊ नये असे सांगणारे आम्ही कोण? आमचे म्हणणे वाहत्या पैशाविषयी नाही. साठवलेल्या आणि उसन्या पैशाविषयी आहे.

उसन्या पैशाचे एक उदाहरण आम्हांला सांगितलेच पाहिजे, कारण त्यात दोष आमचा आहे. दहाबारा वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलाला आम्हीच म्हटले होते, "काढ कर्ज, विद्येचा पैसा बुडत नाही." वाक्य ऐकायला छान होते. त्याने दरसाल अडीच लाख असे चार वर्षांत दहा लाख उचलले. व्याज समजुतीपुरते दहा टक्के धरू. शिकत असताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. सरळव्याजाने ते साडेतीन लाख होते. हप्ता सुरू होतो तो साडेतेरा लाखांवर. दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 17,840 रुपये, आणि शेवटी हातून गेलेले एकवीस लाख चाळीस हजार. पहिल्या नोकरीचा पगार पंचवीस हजारांच्या आतबाहेर असेल, तर त्या मुलाने खावे काय? तो रात्रपाळ्या करून फेडतो आहे, एकही हप्ता चुकवलेला नाही, आणि भेटला की आम्हांला वाकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांला टोचतो. त्याहून टोचते ते हे की त्याला एक धाकटी बहीण होती, गुण त्याच्यापेक्षा जास्त. तिची पाळी आली तेव्हा घराची पत संपली होती. तिने जवळच्या कॉलेजात जे मिळाले ते केले. कर्जाचा हिशेब सांगताना आम्ही त्या मुलीला धरलेच नव्हते.

त्यामुळे हे गृहस्थ आले तेव्हा आम्ही उपदेश आवरला आणि तिघे मिळून कागद वाचायला बसलो. पत्रकावर मोठ्या अक्षरात एका विद्यार्थ्याला मिळालेल्या पगाराचा आकडा होता. मुलीने विचारले, "हा एकाचा झाला. बाकीच्यांचा?" आम्हांला हा प्रश्न सुचला नव्हता. राष्ट्रीय मानांकनासाठी संस्था जी माहिती देतात त्यात किती जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार किती, हे असते. ते तक्ते संस्थांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. मध्यक म्हणजे सर्वांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभे केले तर मधोमध जो उभा राहील त्याचा पगार. मुलीने रात्री बसून ते आकडे काढले आणि वहीत शेजारी शेजारी मांडले. फरक होता, पण सोळा लाखांचा नव्हता.

मग आम्ही वडिलांना घेऊन इथल्याच एका कारखान्यातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि सांगितले की पहिल्या चाळणीला कॉलेजचे नाव उपयोगी पडते, नाही असे नाही. काही कंपन्या ठरावीक कॉलेजांतच जातात, हेही खरे. पण समोर बसलेल्या मुलाला ते ड्रॉइंग वाचायला देतात आणि एखाद्या सुट्या भागाचे माप का चुकले असेल ते विचारतात. त्यांच्या हाताखालचा एक उत्तम इंजिनिअर दहावीनंतर सरकारी तंत्रनिकेतनात तीन वर्षे डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला गेलेला होता. हा रस्ता आपल्या लोकांना माहीत असतो, पण तो कमीपणाचा वाटतो. का वाटतो कोण जाणे! यंत्राला हात लावलेला मुलगा वर्गात जाऊन बसला तर त्याला तिथले जास्त कळते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि मुलांना कमवीत शिकायला लावले. त्यांच्या वसतिगृहातली मुले पाणी भरीत, शेत करीत आणि शिकत. त्या मुलांना कुणी हलके समजले असेल, तर समजणाऱ्यांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत.

परतताना वडील गाडीत गप्प होते. महाळुंग्याच्या चौकात मालमोटारींच्या रांगेत आम्ही अडकलो तेव्हा म्हणाले, "धाकट्यासाठी काय ठेवलंय मी, हा विचारच केला नव्हता." धाकटा म्हणजे त्यांचा मुलगा, तेव्हा दहावीत. अठरातून सोळा गेले असते तर त्याच्या वाट्याला दोन लाख आणि आठ खोल्यांचे भाडे. खोल्यांचे भाडे कारखाने चालू आहेत तोवर. मंदीत त्या खोल्या कशा ओस पडतात हे 2020 च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी पाहिले आहे.

पसंतीक्रमाचा अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मुलीने यादी लिहिली. पहिले पुण्याचे जुने कॉलेज, मिळणार नाही हे माहीत असून. मग इतर सरकारी, मग निगडी-आकुर्डीची विनाअनुदान कॉलेजे. अवसरीचे नाव चौथे होते. खाजगी विद्यापीठाची अनामत रक्कम भरायची मुदत त्याच आठवड्यात होती, तिथून रोज फोन येत होते, 'जागा थोड्याच उरल्यात' म्हणून. वडिलांनी दोनदा पैसे काढायला बँकेत जायची तयारी केली आणि दोनदा परत येऊन ओट्यावर बसले. आम्ही त्यांना थांबवले नाही, जा असेही म्हटले नाही. पैसा त्यांचा होता आणि लेकही त्यांची.

ती एका सरकारी कॉलेजात लागली. आता दुसरे वर्ष संपत आले आहे. दिवाळीत आली होती तेव्हा दोन विषयांना कायमचे शिक्षक नाहीत म्हणून कुरकुर करीत होती, आणि त्यातला एक विषय चार मैत्रिणींनी मिळून आपला आपण कसा वाचला तेही सांगत होती. वडिलांनी विचारले, "चुकलो का ग आपण?" ती म्हणाली, "अजून सांगता येत नाही."

धाकटा आता बारावीला बसला आहे. त्याच्या नावाने पुन्हा ती रंगीत पत्रके घरी येऊ लागली आहेत, आणि वडिलांनी ती सगळी एका पिशवीत भरून ठेवली आहेत. मुलीने फोनवरून निरोप धाडला आहे की ती सुट्टीला येईपर्यंत पिशवी कुणी उघडू नये.