प्रीमिअर पद्मिनीचे अलाइनमेंट
मुंबईच्या रस्त्यांवरून 2023 मध्ये टॅक्सी म्हणून निवृत्त झालेल्या, कुर्ल्यात घडलेल्या प्रीमिअर पद्मिनी या गाडीच्या चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे त्यांचे कोन जुळवणे, करताना मोजमापाआधी झीज तपासावी लागते. कारण ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते ती किंगपिन, किंवा स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टाय रॉडचे सांधे सैल असतील, तर संगणकीय यंत्रावर जुळवलेले आकडेही पहिल्याच खड्ड्यात बिघडतात. मोजायच्या गोष्टींपैकी चाकाच्या उभ्या कलाला कॅम्बर आणि त्याच्या वळणाच्या अक्षाच्या मागेपुढे झुकण्याला कॅस्टर म्हणतात. मात्र टायर सर्वांत जास्त खातो तो टो, म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या कडांमधील आणि मागच्या कडांमधील अंतरांचा फरक, जो चुकल्यास टायरवरून आडवा हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागते. जॅकवरून उतरवलेली गाडी थोडी पुढे ढकलून स्प्रिंगा बसू दिल्यावरच टो मोजावा, आणि तो बदलताना स्टिअरिंग मध्यावर ठेवून दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखेच फिरवावेत, अन्यथा गाडी सरळ धावते पण स्टिअरिंग तिरके राहते. जुन्या पुस्तिकेतील आकडे मुळात क्रॉसप्लाय, म्हणजे एकमेकांना तिरपे छेदणाऱ्या धाग्यांच्या टायरसाठी दिलेले असतात. रेडिअल टायरना सहसा त्याहून कमी टो पुरतो.