परराज्यातील प्रवेश आणि आपला दाखला
(गुणवंत विद्यार्थी सत्कार मेळाव्यात लवासा येथे केलेले भाषण)



मला 'उच्च शिक्षणाच्या संधी' हा विषय देण्यात आला होता. तो मी मुद्दाम लहान केला आहे. महाराष्ट्राबाहेरच्या सरकारी विद्यापीठात आपल्या मुलाला प्रवेश मिळणे किती अवघड, आणि मिळालाच तर खर्च किती येतो, एवढेच मी बोलणार आहे. बारावीचा निकाल लागला की पालक हाच प्रश्न घेऊन घरी येतात.

आपण बसलो आहोत त्या दासव्याच्या शिवारात बंगळूरच्या ख्राइस्ट विद्यापीठाचे संकुल आहे. देशातल्या अनेक राज्यांतून मुले इथे शिकायला येतात. मुळशीच्या मुलांना साहजिकच वाटते की विद्यापीठ आपल्या दारी आले. पण ते खासगी अभिमत विद्यापीठ आहे. घर जवळ म्हणून तिथली फी कमी होत नाही, आणि सरकारी संस्थांवर असते तसे आरक्षणाचे बंधन खासगी अभिमत विद्यापीठांवर नाही. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. विद्यापीठ जवळ असणे आणि ते आपल्याला परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात घ्यावे म्हणून सांगितले.

आता एक अनुभव सांगतो. आपल्याच तालुक्यातला एक मुलगा, नाव सांगत नाही. चांगले गुण होते. शेजारच्या राज्यातील एका सरकारी महाविद्यालयात राखीव जागेवर सहज प्रवेश मिळेल, असे त्याला कोणीतरी सांगितले. बापाने उसनवारी करून गाडीभाडे दिले. कागदपत्रांच्या तपासणीच्या दिवशी कारकुनाने जातीचा दाखला परत केला. "हा महाराष्ट्राचा आहे, इथे चालत नाही." मुलाला वाटले, हा जातीयवाद. तो रडत घरी आला. तोपर्यंत इथल्या प्रवेशफेऱ्या संपल्या होत्या आणि त्याचे वर्ष गेले. मीही तेव्हा त्या कारकुनाला नावे ठेवली. नंतर कायदा वाचला तेव्हा कळले की कारकून नियमाप्रमाणेच वागला होता. चूक आम्हां मोठ्यांची होती, कारण आम्ही मुलाला आधी सांगितले नव्हते.

हा नियम कुठून आला ते सांगतो. आंध्र प्रदेशातून मुंबईत आलेल्या अनुसूचित जमातीच्या एका विद्यार्थ्याने मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले. २ मे १९९० रोजी निकाल लागला की अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या त्या त्या राज्यापुरत्या आहेत, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्याला तिथल्या राज्याच्या राखीव जागा मागता येत नाहीत. १९९४ सालच्या निकालाने हे अधिक स्पष्ट केले. जातीचे नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असले तरी उपयोग नाही. महार ही जात कर्नाटकाच्या यादीत आहे, म्हणून महाराष्ट्राचा दाखला तिथल्या राज्य कोट्यात चालेल असे समजू नये. २०१८ साली नोकऱ्यांच्या संदर्भातही घटनापीठाने हेच तत्त्व कायम ठेवले.

त्याच १९९० साली आपल्या दृष्टीने मोठी घटना घडली. धर्मांतरानंतर महाराष्ट्र शासनाच्या सवलती आपल्याला मिळत होत्या, पण केंद्राच्या दारात बौद्ध म्हणून उभे राहिले की नकार मिळे. १९९० च्या दुरुस्ती कायद्याने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला आणि केंद्राच्या सवलती खुल्या झाल्या. म्हणजे एकाच वर्षी दुसऱ्या राज्याचे दार बंद झाले आणि केंद्राचे उघडले. आपल्या विद्यार्थ्याने वाट ठरवताना एवढे ध्यानात ठेवले तरी अर्धे काम झाले.

केंद्राच्या संस्थांत महाराष्ट्राचा दाखला भारतभर चालतो आणि १५ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी असतात. आपल्या राज्यात हे प्रमाण १३ टक्के आहे. आयआयटीत राज्याचा कोटाच नाही. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना, आणि दोन्हींत आपले आरक्षण. महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची विश्वेश्वरय्या. तिथे आपला मुलगा घरचा ठरतो आणि वरंगळ, सुरतकल, तिरुचिरापल्लीला बाहेरचा. म्हणून पसंतीक्रम भरताना नागपूर विसरू नका. नाव मोठे म्हणून फक्त दूरच्या संस्था लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ८५ टक्के जागा राज्याच्या आणि १५ टक्के अखिल भारतीय. या १५ टक्क्यांतही आपले आरक्षण आहे, त्यामुळे त्या मार्गाने दुसऱ्या राज्याच्या महाविद्यालयातही हक्काने जाता येते. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०२२ पासून एकच सामाईक परीक्षा आहे. मुळशीचा विद्यार्थी ती पुण्यात देऊन दिल्लीला जाऊ शकतो.

आता पैशाविषयी. अमेरिकेत सरकारी विद्यापीठे राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याकडून उघडपणे जास्त फी घेतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यातल्या मुलाला वर्षाला साधारण १५ हजार डॉलर, तर बाहेरच्याला त्यावर आणखी ३४ हजारांहून अधिक. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठात तर नव्या प्रवेशांत बाहेरच्यांना १८ टक्क्यांची मर्यादा आहे. तिथे पैसे असूनही जागा मिळत नाही. आपल्याकडे केंद्रीय संस्थांत असा भेद नाही. पुण्याचा आणि पाटण्याचा विद्यार्थी एकच फी भरतो. आयआयटीची शिक्षणफी २०१६ पासून वर्षाला दोन लाख झाली, पण अनुसूचित जाती-जमातींना ती संपूर्ण माफ आहे. एनआयटीतही तसेच.

मग खर्च कुठे येतो? वसतिगृह, खानावळ आणि रेल्वेचे तिकीट. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात २०१९ साली मुले रस्त्यावर उतरली ती वसतिगृहाच्या शुल्कवाढीविरुद्ध. शिक्षणफी माफ झाली म्हणून पालक निर्धास्त होतात आणि पहिल्याच सत्रात मेसच्या बिलाला अडतात. घरून महिन्याला किती पाठवता येईल हा हिशेब फॉर्म भरण्याआधी, मुलाला समोर बसवून करावा.

हा अनुभव नवा नाही. परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. मुदत संपली तेव्हा, १९१७ साली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले. ज्ञानात ते कुठे कमी पडले नव्हते. अडले ते निर्वाहाच्या पैशासाठी. पुढे १९५० साली त्यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. त्यापूर्वी मराठवाड्यातल्या मुलाला पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबादकडे पाहावे लागे. जवळचे शिक्षण कमी दर्जाचे, ही समजूत बाबासाहेबांची नव्हती.

म्हणून माझे मत असे. पहिली नजर आपल्या राज्याच्या सरकारी संस्थांवर ठेवा. पुण्यात शिकताना सरकारी वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेतून वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळतात. ते उशिरा जमा होतात अशी तक्रार आहे, तेव्हा पहिल्या चार महिन्यांची सोय वेगळी करा. दुसरी नजर केंद्रीय संस्थांवर. ठरावीक नामांकित संस्थांसाठी केंद्राची 'टॉप क्लास' शिष्यवृत्ती आहे. त्यात निर्वाहासह पहिल्या वर्षी ८६ हजार आणि पुढे दरवर्षी ४१ हजार मिळतात. उत्पन्नमर्यादा आठ लाख. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकतानाही आपल्याच राज्याकडून मागायची असते. तिची मर्यादा अडीच लाख. दुसऱ्या राज्याच्या राज्य कोट्यामागे मात्र धावू नका, आणि 'सीट पक्की' म्हणणाऱ्या दलालाला दारात उभे करू नका.

शेवटी कागदांविषयी. धर्मांतरित बौद्धांसाठी केंद्राच्या कामाकरिता दाखल्याचा नमुना वेगळा असतो. राज्यासाठी काढलेला दाखला पुढे करून चालत नाही. दोन्हींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाचा उतारा, जे असेल ते शोधा. धरणात ज्यांची गावे गेली त्या घरांत असे कागद सापडणे कठीण, हे मी जाणतो; अशांनी पौडच्या तहसील कचेरीत जुन्या नोंदींच्या नकलेसाठी आजच अर्ज करावा. अकरावीत असतानाच जात पडताळणीचे प्रकरण दाखल करा. निकालानंतर त्या कचेरीपुढे किती रांग असते ते यंदाच्या मुलांना विचारा. अर्जांचे नमुने मागच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवणानंतर मी तिथेच बसणार आहे. ज्यांच्याकडे जुने कागद आहेत त्यांनी ते घेऊन यावे, आपण एकत्र बसून अर्ज भरू.

जयभीम.