रोजची एक मूठ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचून दाखविलेले भाषण)



आज येथे उभे राहून बोलण्याचा मान आपण मला दिलात. पण खरे सांगू? गेले आठ दिवस मला धड झोप नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत असताना एकदा पंधरा ऑगस्टला चार ओळी म्हणावयाच्या होत्या, त्या मी मध्येच विसरले आणि रडत खाली येऊन बसले. त्यानंतर सभेत बोलण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून सगळे वहीत लिहून आणले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

सेक्रेटरीबाई मला म्हणाल्या, "तुम्ही रोज नेमाने प्रार्थना करता, चर्चला जाता, आणि तुमचा चेहरा नेहमी हसरा. हा आनंद तुम्हाला कोठून मिळतो ते सांगा." हे ऐकून मला आनंद होण्याऐवजी लाजच वाटली. आमच्या वाड्यातल्या बायका येथे बसल्या आहेत. एक काळ असा होता की दीड वर्ष माझ्या तोंडावर हसू नव्हते, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा हसऱ्या चेहऱ्याचे सांगावयाचे तर त्या दीड वर्षापासूनच सांगावे लागेल.

आम्ही कॅथलिक. आमचे पूर्वज गोव्याकडून वर या किनाऱ्याला आले आणि मालवणचेच होऊन राहिले. बोली मालवणी, जेवण कढी-भाताचे, धंदा मासळीचा. मालक दुसऱ्यांच्या होडीवर जातात आणि रापणीत आमचा एक वाटा आहे. घरात देवाचे असे मोठे काही नाही. भिंतीवर एक आल्तार आहे, म्हणजे आमचा देव्हारा. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की त्यापुढे मेणबत्ती लावावयाची आणि सर्वांनी गुडघे टेकून जपमाळ म्हणावयाची. तिला आम्ही तेर्स म्हणतो. तुमच्याकडे तुळशीपुढे दिवा लागतो, त्याच सुमाराला. लग्न होऊन आले तेव्हा मला या तेर्साचा कंटाळा यायचा. कोळंबी सोलायची राहिली आहे, चुलीवर आमटी उतू जात आहे, आणि इकडे पन्नास नमस्कार मोजत बसावयाचे! सासूबाईंना आम्ही मांय म्हणत असू. त्यांचे मात्र एकही संध्याकाळ चुकले नाही. ताप असला तरी अंथरुणात बसून म्हणत.

2010 सालच्या पावसाळ्यात माझा धाकटा मुलगा गेला. सहा वर्षांचा होता. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी गोव्याला न्या म्हणाले, आणि वाटेतच त्याने माझ्या मांडीवर डोळे मिटले. यापेक्षा जास्त मी त्याबद्दल लिहू शकले नाही. वहीचे ते पान दोनदा फाडले.

नंतर पुष्कळ माणसे भेटावयास आली. कोणी म्हणाले, देवाची इच्छा. कोणी म्हणाले, देवाला चांगली फुले आवडतात. हे बोलणारी माणसे प्रेमाने बोलत होती हे मला कळत होते, पण त्या वेळी तो शब्द निखाऱ्यासारखा लागायचा. माझ्या अल्पबुद्धीला वाटते की पोर गेलेल्या बाईजवळ असे काही बोलूच नये. जवळ बसावे. आमच्या शेजारच्या काकी तशा बसल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही. त्यांनी सात दिवस, आमची सातव्या दिवसाची मिसा होईपर्यंत, दोन्ही वेळ आमच्या घरी पेज आणि लोणचे आणून दिले. मी खात नाही असे पाहून त्या म्हणाल्या, "उपाशी रवान पोरगो परत येवचो नाय गो. दोन घोट पी." त्या श्रावणात त्यांचे स्वतःचे उपवास चालले होते, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

त्यानंतर मी तेर्साला बसणे सोडले. मांयला सांगितले, "मी देवाशी बोलणार नाही." मला वाटले, त्या रागावतील. त्या माळ हातात धरून थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "देवाबरोबर भांडाण आसा तर भांड. पण बोलणा बंद करू नको. मन नसला तरी तोंडान म्हण. मन मागसून येतला."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाताचे तांदूळ धूत होते, तेव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "टोपात एक मूठ तांदूळ जास्त घाल. झिलाच्या वाट्याचे. खाणारो देव धाडतलो."

मी घातली. विश्वासाने घातली असे म्हणणार नाही. म्हाताऱ्या बाईचे मन मोडू नये म्हणून घातली. त्या दिवशी दुपारी रापणीवरचा एक म्हातारा, ज्याला घरी कोणी नाही, जाळे सुकवून आमच्या खळ्यात सावलीला बसला होता. मांयने त्याला पान वाढले. तो जेवला आणि निघून गेला. एवढेच. दुसऱ्या दिवशी दुसरे कोणी आले. एखाद्या दिवशी कोणी आले नाही तर मांय मला डबा घेऊन बाहेर काढीत, "जा, शोध." अशा रीतीने, जिला घराबाहेर पडावेसे वाटत नव्हते ती मी रोज कोणाला तरी शोधत वाड्यातून फिरू लागले. कोणाच्या घरात बाळंतीण आहे, कोणाचा नवरा आजारी आहे, कोण आज मासळी न मिळता परतला, हे मला कळू लागले. तोंडाने तेर्स चालू होता. मन काही आले नव्हते.

ते कधी आले हे मला सांगता येत नाही. तसा एखादा दिवस असता तर भाषणाला बरा पडला असता! एवढे आठवते की दीड वर्षाने नाताळच्या आधी आम्ही बायका नेवऱ्या करावयास बसलो होतो. कोणाची तरी नेवरी तेलात फुटली आणि सगळे सारण वर आले, तशी मी मोठ्याने हसले. मग एकदम गप्प झाले. मला वाटले, माझ्या मुलाशी मी बेइमानी केली. मांयने झारा खाली ठेवला आणि माझ्या डोक्यावर पीठाचा हात ठेवला. बस्स.

त्याच सुमारास चर्चमधल्या फादरांनी मला लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचावयास दिले. सातवीनंतर मी पुस्तक असे हातात धरलेच नव्हते. दुपारी भांडी झाली की पाच-पाच पाने वाचायची, असे करत पावसाळाभर वाचले. भगिनींनो, ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे. त्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही. आणि तसे पाहिले तर त्या प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक, पण फादरांनी तो भेद केला नाही, तर मी कशाला करू?

लक्ष्मीबाई 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. वडिलांचे सोवळे-ओवळे इतके कडक की घरातली माणसे त्याखाली भरडून निघत. अकरा वर्षांची असताना लग्न झाले. शाळा कसली ती ठाऊक नाही. अक्षरे लग्नानंतर घरीच शिकल्या. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक हे आपल्या कोकणचे, करजगावचे. मोठे कवी, पण संसाराला अगदीच बेभरवशाचे. आज घरात, उद्या कोणत्या गावी याचा पत्ता नाही. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि बायकोला आधी काही सांगितलेही नाही! त्या बाईवर काय आकाश कोसळले असेल. त्या काळी नवरा बाटला म्हणजे बायको जिवंतपणी विधवेसारखी. काही वर्षे त्या दूर राहिल्या. मग परत आल्या, तरी धर्म बदलला नाही. आपले सोवळे सांभाळून नवऱ्याच्या गावात राहिल्या. जातपात देवाने केली की माणसाने, याचा विचार त्यांनी आपला आपण केला, आणि स्वतःला पटल्यावर 1900 साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला म्हणून घेतला नाही. हे मला फार मोठे वाटते. आम्हा जन्माच्या ख्रिस्ती बायकांना धर्म आयता मिळतो, सासरच्या पितळी हंड्यासारखा. तो आपला करून घेण्यास पुष्कळ घासावा लागतो.

त्यांचीही लेकरे लहानपणी गेली. दारिद्र्य होते, तरी परक्यांची मुले घरात आणून वाढविली. 1919 साली टिळक वारले आणि 'ख्रिस्तायन' हे त्यांचे ख्रिस्तचरित्राचे काव्य अर्धवट राहिले. ते या शाळा न पाहिलेल्या बाईने पुढे पुरे केले. आणि 1934 पासून 'स्मृतिचित्रे' छापून येऊ लागले. 1936 साली त्या गेल्या. एवढे सोसलेल्या बाईचे पुस्तक रडके असेल असे मला वाटले होते. पण पानोपानी हसू येते! स्वतःची फजिती त्या अशा सांगतात की मी चुलीपाशी एकटीच हसत असे आणि मांय विचारीत, "काय गो झाला?" मग मी त्यांना वाचून दाखवी. नवऱ्यावरच्या तक्रारी ऐकून मांय म्हणत, "आमच्यासारखीच गो ही."

टिळक म्हणत की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या पुलावरून. आमच्या शेजारच्या काकींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पूल आमचोच की!" यावर मी काय बोलणार?

मला आणखी एका गोष्टीने आधार दिला. मदर तेरेसा 1997 साली गेल्या. त्यांची खाजगी पत्रे 2007 साली छापली गेली. त्यात असे निघाले की कलकत्त्याच्या रस्त्यांवरून मरणारी माणसे उचलून आणीत असता त्या माऊलीला आतून वर्षानुवर्षे देव जवळ असल्याचा अनुभवच येत नव्हता. सगळे कोरडे. तरी पहाटेची प्रार्थना चुकली नाही आणि जखमा धुण्याचे काम थांबले नाही. फादरांनी हे प्रवचनात सांगितले तेव्हा मी बाकावर ताठ बसले. म्हणजे तोंडाने म्हणणारी मी एकटी नव्हते! नंतर मांयला सांगितले, तर त्यांना त्याचे काही विशेष वाटले नाही.

आता माझा आनंद कोठून येतो ते सांगते. शुभवर्तमानात योहानाच्या शेवटच्या अध्यायात एक गोष्ट आहे. येशू मरून पुन्हा उठला आहे. त्याचे शिष्य खचून गेले आहेत आणि मासे धरावयास गेले आहेत. रात्रभर जाळे टाकून एक मासा नाही. ही रात्र आपल्या वाड्यात कोणाला ठाऊक नाही? पहाटे किनाऱ्यावर कोणी उभा आहे. तो सांगतो, उजवीकडे जाळे टाका. टाकतात, तर एकशे त्रेपन्न मोठे मासे. हा आकडा शास्त्री लोकांना कोडे वाटतो म्हणे. मला नाही वाटत. रापणीला वाटे घालायचे असतात, मोजल्याशिवाय कसे चालेल? तर ती माणसे काठाला येऊन पाहतात, तो येशूने कोळशाचा विस्तव केला आहे, त्यावर मासे ठेवले आहेत, भाकरी आहे, आणि तो म्हणतो, या, न्याहारी करा. त्यांच्यात पेत्र होता. त्याने थोड्याच दिवसांपूर्वी, मी याला ओळखत नाही, असे तीनदा सांगितले होते. त्याला येशूने आधी विचारले नाही की असे का केलेस. आधी खाऊ घातले. विचारावयाचे ते नंतर.

मरण जिंकून आलेला देव, आणि तो पहाटे मासे भाजत बसला आहे! हे ऐकून मी मोठी झाले, पण मुलगा गेल्यावर प्रथमच ते मला कळले. माझा मुलगा का गेला याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. पण जो विस्तवापाशी बसून दमल्या माणसांना वाढतो, त्याच्याशी मी बोलू शकते. आणि त्याच्या हाताखाली काम करणे मला जमण्यासारखे आहे. सातवी शिकलेल्या बाईला आणखी काय येते? चूल येते.

2018 साली मांय गेल्या. शेवटची तीन वर्षे एक बाजू लुळी होती, तेर्स माझ्या हाताला धरून म्हणत. 2020 च्या टाळेबंदीत नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी होड्यांवर अडकून पडले, तेव्हा एका मुठीच्या चार मुठी झाल्या. पुढल्या वर्षी 16 मेला तौक्ते वादळ आले. रविवार होता, महामारीमुळे चर्च बंद. घरातच तेर्स म्हणत होतो आणि डोक्यावरची कौले पत्त्यांसारखी उडत होती. कित्येक दिवस वीज नव्हती. शेजारच्या काकींचे सगळे छप्परच गेले होते. त्या आमच्या पडवीत राहिल्या आणि सकाळी चुलीपाशी मला म्हणाल्या, "आज मूठ मी घालतंय." मग दोन टोप चढले. त्या संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात त्या आमच्या तेर्साला माळ न घेता नुसत्या हात जोडून बसल्या होत्या, आणि बाहेर वाकलेल्या तुळशीपुढे मी त्यांची पणती लावून आले, कारण त्यांचा गुडघा दुखत होता.

आज सकाळी सभेची तयारी करावयाची म्हणून मी घाईत तांदूळ धुतले, आणि टोप चुलीवर चढल्यावर आठवले की मूठ राहिली. पुन्हा उतरविला, पुन्हा पाणी घातले. मंडळाच्या चहाला मी उशिरा आले आणि सेक्रेटरीबाईंनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिले, ते त्यामुळे. त्यांची मी क्षमा मागते.