घरातली साक्ष

रायपूरच्या रेल्वेस्थानकाला लागूनच गुढियारी ही वस्ती आहे. तिच्याजवळून जाणारा लोहमार्ग पश्चिमेकडे दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, गोंदिया अशी गावे घेत नागपुराला पोचतो. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी माणूस या वाटेने छत्तीसगढात येत राहिला आणि आपले देव, आपले सणवार, आपले सोवळेओवळे बरोबर आणीत राहिला. याच वाटेवर एका मराठी कुटुंबाच्या देवघराला तडा गेला आणि तो सांधताना त्या घराला जे सोसावे लागले, त्यातून मराठी वाङ्मयाला एक अमोल ग्रंथ मिळाला.

1893 साली नारायण वामन टिळक हे नागपुराहून राजनांदगावास निघाले होते. राजनांदगाव हे तेव्हा बैरागी घराण्याचे संस्थान होते आणि तेथे त्यांना नोकरी मिळाली होती. गाडीत त्यांच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. काव्यावरून बोलणे सुरू झाले आणि ते धर्मावर येऊन ठेपले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती ‘नवा करार’ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. तो कोण होता, हे टिळकांना पुढे कधीच कळले नाही. पुस्तक मात्र त्यांनी वाचले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थबकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळकांपुरते पाहिले तर येथे एक शोध संपला. घरापुरते पाहिले तर येथे एक दुःख सुरू झाले. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई ही नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. तिच्या माहेरी सोवळ्याचा अतिरेक होता. तिचे वडील बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेत, मग ती धुण्याजोगी असो वा नसो. अकरा-बारा वर्षांची असताना तिचे लग्न झाले होते. आता पदरात लहानगा दत्तू होता. अशा स्त्रीचा पती ख्रिस्ती झाला म्हणजे काय झाले, हे आज समजावून घेण्यास प्रयास पडतात. पती जिवंत, कुंकू कपाळी आणि तरी संसार मोडलेला! त्याच्या हातचे पाणी चालणार नाही, त्याच्या पंक्तीला बसता येणार नाही, त्याच्या घरी गेल्यास माहेर तुटेल. आप्तांनी तिला आधार दिला. पण ज्या माणसाविषयी आधार हवा होता, त्याचे नाव काढणेही कठीण झाले.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. ज्याला एका श्रद्धेत आपले सर्वस्व सापडले, त्याने आपल्या जिवलगांशी कसे वागावे? त्यांनीही यावे म्हणून त्याचे मन तळमळणारच. अमृत हाती लागले असे ज्याला वाटते, तो ते एकट्याने प्यावयास राजी नसतो. परंतु प्रेमाच्या माणसावर प्रेमाचाच दाब घालणे, ही सर्वांत सूक्ष्म अशी सक्ती होय.

टिळकांच्या आधी महाराष्ट्राने हा प्रश्न न्यायालयात गेलेला पाहिला होता. 1843 साली मुंबईत शेषाद्री बंधूंपैकी धाकट्या श्रीपतीला न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री जांभेकर झटले आणि त्यावरून ब्रह्मवृंदात मोठे वादळ उठले. थोरला नारायण मात्र ख्रिस्ती राहिला. पुढे 1866 च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती माणसाला विवाहबंधनातून मोकळे होण्याची वाट करून दिली. न्यायालय मूल परत देऊ शकते, कायदा गाठ सोडू शकतो. पण दुभंगलेली मने जोडण्याचे साधन दोघांपाशीही नाही.

टिळकांनी कायद्याची ती वाट धरली नाही. त्यांनी वाट पाहिली. ते पत्रे लिहीत राहिले. कवीच होते, म्हणून कवितेतूनही बोलत राहिले. त्यांना संत ठरविण्याचे मात्र कारण नाही. स्वभाव तापट, हात उधळा, मनात येईल ते तत्क्षणी करून टाकण्याची वृत्ती. घरात दाणा नसताना दारच्या याचकाला शेवटचा पैसा देणारा हा पुरुष बायकोला किती जड जात असेल, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास सांगावयास नको. परंतु पत्नीचा धर्म तिचा तिने ठरवावा, एवढी गोष्ट त्यांनी मानली. काही वर्षांच्या विरहानंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरास त्यांच्याकडे आल्या, त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचे सोवळे त्यांच्यापाशी राहिले. एका संसारात दोन धर्म नांदू लागले.

पुढे जे घडले ते कोणाच्या उपदेशाने घडले नाही. जाती कोणी केल्या, देवाने की माणसाने, या विचाराने लक्ष्मीबाईंच्या मनाची पकड घेतली. देवाने केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणे माणसांच्या देहातही भेद दिसता. तो तर दिसत नाही. ज्या बाईने जन्मभर विटाळाचे भय वाहिले, तिने आपल्याच तर्काने ते भय खाली ठेवले आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. त्यानंतर 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यामागोमाग बायको गेली, असे वरवर पाहणारा म्हणेल. वस्तुतः ती आपल्या पायांनी चालत आली. नवऱ्याचे श्रेय एवढेच की, तो वाटेत आडवा उभा राहिला नाही आणि पाठीमागून ढकलीतही राहिला नाही.

ख्रिस्ती परंपरेत या संयमाला जुना आधार आहे. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने स्पष्ट सांगितले की, अविश्वासी जोडीदार एकत्र राहावयास राजी असेल तर त्याला सोडू नये. पेत्राच्या पत्रात स्त्रियांना उपदेश आहे तो शब्दांवाचून, केवळ आचरणाने पतीचे मन जिंकण्याचा. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील मोनिका हेच व्रत जगली. तिचा पती आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती झाला. पुत्र ऑगस्टीन मात्र वर्षानुवर्षे दूरदूर भटकत राहिला. ती त्याच्यासाठी रडत आणि प्रार्थना करीत राहिली. 387 साली मिलान येथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी तिने देह ठेवला.

परंतु अशा कथांतून एक चुकीचा हिशेब निघण्याचा संभव असतो. इतकी वर्षे प्रार्थना, मग इतके फळ! प्रार्थना म्हणजे सावकारी नव्हे. ज्याच्यासाठी ती करावयाची, तो कदाचित कधीच आपल्या वाटेने येणार नाही. तरीही जिवलगाचे नाव रोज देवापुढे घेणाऱ्याच्या स्वतःमध्ये काही पालटते. ज्याच्यासाठी सकाळी हात जोडले, त्याच्यावर संध्याकाळी आवाज चढविताना जीभ अडखळते. घरातल्या माणसाला आपले प्रवचन ऐकू येत नाही. त्याला आपले उठणे, बसणे, रागावणे, क्षमा मागणे दिसते. परक्यासमोर भक्त होणे सोपे; परीक्षा आहे ती चुलीपाशी.

टिळकांना पुढे ही गोष्ट अधिकच उमगली असावी. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना तेथे एकत्र बसता यावे, ही त्यांची कल्पना. ज्याच्या स्वतःच्या घरात एकेकाळी दोन धर्म एका छपराखाली राहिले, त्याला उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची कदर होती. 9 मे 1919 रोजी ते गेले. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे नेण्यास लक्ष्मीबाईच सरसावल्या.

गुढियारीसारख्या वस्तीत आज एकाच घरात एक भाऊ आरतीला आणि दुसरा उपासनेला जात असेल, तर त्या घरातील आईच्या मनाची ओढाताण लक्ष्मीबाईंना अपरिचित वाटणार नाही. अशा घराला वादविवादाचा उपयोग थोडा. आजारपणात रात्र जागवावी, दिलेला शब्द पाळावा, दुसऱ्याच्या देवघराचा मान राखावा आणि आपली श्रद्धा लपवूही नये, एवढे जमले तरी पुष्कळ झाले. उरलेले काम माणसाचे नाही. राजनांदगावच्या गाडीतला तो प्रवासी पुस्तक देऊन उतरून गेला. पुढे काय झाले, हे पाहण्यासाठी तो थांबला नाही.